मी खाऊनच निघाली

दर गुरुवारी दर्यापूरला जाताना आमच्या प्रमिलाताई काळीपिवळीत दोन सीटचे पैसे देतात आणि एका सीटच्या अर्ध्या भागात अंग चोरून बसतात. उरलेल्या दीड सीटवर त्यांची पर्स असते. आमच्याकडचे जीपवाले ज्या उदारपणे माणसं कोंबतात, ते पाहता त्या पर्सच्या जागेत दोन माणसं आणि एखादं लेकरू सहज मावलं असतं. बाकीचे प्रवासी पर्सकडे डोळे वटारून बघतात आणि ताई खिडकीबाहेर बघतात.

एकदा जीपवाल्यालाच राहवलं नाही. "मॅडम, कावून लाजवून राहिल्या? एका सीटवर मस्त मावता तुमी."

"आज मावतो," ताई म्हणाल्या. "उद्याचं कोणं पाह्यलं?"

त्यानं दोन सीटचे पैसे घेतले आणि गाडी काढली.

प्रमिलाताई अमरावतीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. मी अकोल्याची, नवऱ्याच्या बदलीमुळे तीनेक वर्षांपूर्वी इथं आले आणि इथल्याच एका कॉलेजात शिकवू लागले. ताई दर्यापूरच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांची धाकटी बहीण सुशीला दर्यापूरलाच असते, म्हणून दर गुरुवारची फेरी. यजमान वसंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अंगानं किरकोळ आणि बोलायला त्याहून किरकोळ. मूलबाळ नाही. घरात दोघंच.

त्यांच्या हॉलमध्ये ताईंच्या निरोप समारंभाचा फोटो लावलेला आहे. हारतुऱ्यांच्या मधोमध एक चांगली भरभक्कम बाई बसलेली आणि तिच्या कडेला, फोटोत जेमतेम मावलेले वसंतराव. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाबडेपणानं विचारलं, "या तुमच्या थोरल्या बहीण का?"

"मीच होय ते," ताई म्हणाल्या. "अर्धी गेली, अर्धी राह्यली."

अंग उतरलं होतं, पण सवयी काही उतरल्या नव्हत्या. ताई अजूनही दारातून आडव्या होऊन आत शिरतात. प्लॅस्टिकची खुर्ची दिसली की तिचे दोन्ही हात दाबून बघतात, आणि लग्नाकार्यात एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या मागून घेतात. ब्लाऊज शिवायला टाकला की आत दोन्ही बाजूंना भरपूर कापड दुमडून ठेवायला सांगतात. शिंपी एकदा मला म्हणाला, आतल्या कापडात अजून एक ब्लाऊज निघेल हो, पण त्यांना सांगणार कोण?

वजन मात्र त्यांनी रीतसर उतरवलं होतं, त्यात काही लबाडी नव्हती. गिला वडा सोडला, साखर सोडली, रात्रीचा भात सोडला आणि भल्या पहाटे मैदानाला फेऱ्या मारल्या. त्याला दोन वर्षं लागली. हे सगळं मी यायच्या आधीचं. पण आमच्या वऱ्हाडात बारीक होण्याचं कौतुक नाही. बाई वाळली की तिला एक तर शुगर असते, नाहीतर सून. ताईंना सून नसल्यामुळे कॉलनीनं एकमतानं शुगर ठरवून टाकली होती. कुणी विचारलंच तर ताई सांगत, "शुगर नाही, बीपी नाही, काही नाही. मले मी पायजे होती तेवढी ठेवली." मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितलेलं असल्यामुळे पुढं कुणी विचारत नसे.

मी आले तेव्हा त्या अगदी बेताच्या होत्या. मग हळूहळू बेताच्याही राहिल्या नाहीत. जे दोन वर्षांत थांबायला हवं होतं ते थांबतच नव्हतं. गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. मी काही खायला पुढं केलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मी खाऊनच निघाली वं." सकाळी गेलं तरी खाऊन निघालेल्या, दुपारी गेलं तरी तेच. भिंतीपलीकडून येणाऱ्या बाईला निघायला असं किती लागतं, हा प्रश्न मला बरेच महिने सुचला नाही.

तो सुचला सुशीलाच्या फोनमुळे. लोणच्याची बरणी पाठवते म्हणून तिनं एकदा फोन केला आणि बोलता बोलता म्हणाली, "गुरुवारचं तुमी तिले जेवू घालून पाठवता, बरं करता. इथं त कशालेच हात लावत नाही. म्हणते, वंदनाकडून खाऊनच निघाली."

"माझ्याकडून?" मी म्हणाले. "मला तर परत आल्यावर सांगतात, सुशीलाकडून खाऊन निघाले."

दोन्हीकडच्या साक्षी जुळवल्या तर ताईंचं जेवण वाटेतल्या वलगावच्या आसपास, चालत्या जीपमध्ये होत असलं पाहिजे. सुशीला हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला भीती वाटली.

ती भीती खोटी नव्हती. भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन भाव करता करता ताई एकदम खाली बसल्या. भाजीवालीनं पाणी मारलं, मी ऑटो बोलावला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई वयानं लहान होत्या, पण ताईंच्या आवाजाला घाबरल्या नाहीत.

"तुमचं वजन उतरवायचं काम केव्हाच संपलं," त्या म्हणाल्या. "आता ते टिकवायचं. आणि टिकवायला खावं लागतं."

"खाल्लं त वाढीन."

"पोटभर खाल्लं म्हणून कुणी पुन्हा दुप्पट होत नाही. आत्ता तुमच्या हातापायातलं मांस चाललंय. जेवताना दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, दही. मधे मूठभर शेंगदाणे. एक अंडं चालतं का? चालत असेल तर तेही. आणि महिन्यात दोन किलो वाढलं तर माझ्याकडे यायचं, दोन किलो घटलं तरी यायचं."

"घटलं तरी?" ताईंना हे अगदीच नवीन होतं. "घटलं त लोकं पेढे वाटतात ना वो बाई."

तपासणीला आलेल्या साहेबापुढं मुख्याध्यापिका जशी मान हलवते, तशी मान हलवून ताई बाहेर पडल्या आणि घरी येऊन त्यांनी काही केलं नाही. जेवणात अर्धी भाकर होती ती अर्धीच राहिली. मी चिडले. सरळ म्हणाले, ताई, तुम्ही पोरींना आयुष्यभर पाढे पाठ करायला लावले आणि तुम्हाला एक अर्धी भाकर वाढवता येत नाही? त्या हसल्या आणि विषय बदलला. मला वाटलं, बाईला बारीक दिसायचं वेड लागलं. या वयात, कुणासाठी? असंही मनात आलं.

मग वर्षाचा गहू आला. ताई दर उन्हाळ्यात मोर्शीकडच्या एका ओळखीच्या घरून कट्टे, म्हणजे पोती, मागवतात. हमालानं कट्टे ओट्यावर आणून टाकले आणि आत न्यायला वाकला, तर ताई म्हणाल्या, "राहू दे. आत ह्यायले नेऊ दे." दरवर्षी असंच असतं, हे मला माहीत होतं. कॉलनीतल्या बायका यावरून ताईंना कठोर म्हणतात.

वसंतराव निमूटपणे पुढं आले. कट्ट्याला मिठी घातली, गुडघ्यापर्यंत उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी उंबऱ्यावरून ओढत आत नेला. ताई दारात उभ्या राहून कट्ट्याकडे नाही, त्यांच्या हातांकडे बघत होत्या.

दुपारी मी पाटोडीचा रस्सा घेऊन गेले. वसंतरावांचं जेवण झालं होतं, ते तिथंच टेबलापाशी खुर्चीवर सुपारी कातरत बसले होते. ताई नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. ताटात पाव भाकर होती.

"अर्धीची पाव झाली?" माझा आवाज चढला. "ताई, मरायचंय का तुम्हाला?"

"तू गहू पाह्यला ना सकाळी?" त्या शांतपणे म्हणाल्या.

"गव्हाचा काय संबंध?"

"ह्यायच्यानं कट्टा उचलला नाही. मागच्या साली उचलला होता."

मला काही कळेना. वसंतरावांचा अडकित्ता थांबला. ताई पाव भाकर ताटात फिरवत राहिल्या आणि मग, शाळेतली एखादी जुनी गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. निवृत्तीच्या पुढच्याच वर्षी एका दुपारी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या.

"लागलं नव्हतं वं काही. पण उठता येईना. हे उचलाले आले, जमलं नाही. मंग पुन्हा पाह्यलं, नाही जमलं. मंग बाहेर जाऊन लोकायले हाका मारल्या. चार जण आले, चादरीत घालून उचलली मले. त्याचंबी काही नाही. पण लोकं गेल्यावर हे न्हाणीच्या दारात बसून रडले. म्हणे, माह्यी बायको माह्याच्यानं उचलल्या जात नाही. इतक्या वर्षांत मी ह्यायले रडताना पाह्यलं नव्हतं." त्या थोड्या थांबल्या. "तवाच ठरवलं. ह्यायच्यानं उचलल्या जाईन, तेवढीच राहीन."

म्हणजे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं वजन, काट्यावरचं वजन, यांच्याशी ताईंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा काटा वसंतराव होते. आणि सत्तरीकडं चाललेल्या माणसाचं बळ काही दरसाल वाढत नाही. ते जेवढे थकतील तेवढ्या ताई उतरणार होत्या. मी तिथं रस्स्याचं भांडं धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपर्यंत मी या बाईला वेड लागलं म्हणत होते.

"मले सांगतलं नाही कधी," वसंतराव म्हणाले.

"सांगाचं काय त्यात?"

वसंतरावांनी अडकित्ता टेबलावर ठेवला. भिंतीला हात लावून, कण्हत, ते खुर्चीवरून उतरले आणि सरळ फरशीवर बसले.

"हे पाह्य," ते म्हणाले. "पडली त पडली. मी असा तुह्या जवय बसतो. इथूनच आवाज देतो, लोकं येतीन. येतवरी बसून राहू दोघंबी. तवा मले सुचलं नाही, म्हणून रडलो." मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

ताईंनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "बरं. उठा आता. फरशी थंडी हाय."

वसंतराव उठायला गेले आणि कंबर धरली. त्यांनी हात वर केला. ताई ताटावरून उठल्या, त्यांचा हात धरून ओढू लागल्या. एका हातानं जमेना म्हणून दोन्ही हात लावले. वसंतराव काही जागचे हलले नाहीत. ताईंचे हात मात्र थरथरायला लागले, दंडापर्यंत, आणि त्यांचाच तोल गेला. वसंतरावांनी बसल्या बसल्या त्यांना सावरलं. मी पुढं झाले तर वसंतरावांनी मानेनंच मला थांबवलं.

ताई त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. आपले हात त्यांनी मांडीवर ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ते बघत राहिल्या. एवढा सगळा हिशेब त्यांनी मांडला होता, पण त्यात पडणारं माणूस एकच होतं, त्या स्वतः.

"हे पडले, त मी काय करीन वं?" त्यांनी मला विचारलं.

मग ताईंनी टेबलावरचं ताट माझ्याकडून खाली मागून घेतलं.

"वंदना, टोपल्यात भाकरी हायेत. दोन आण," त्या म्हणाल्या. "अन् वरणाची वाटी भरून आण, वरून रिकामी नको ठेवू."

मी आणलं. त्या मान खाली घालून, सावकाश, दोन्ही भाकरी संपेपर्यंत जेवल्या. वसंतराव शेजारी बसून होते. ताईंचं जेवण झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून त्यांना उठवलं.