व्हॉल्व तापेपर्यंत

“रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या घरात चमत्कार होणार आहे!” भिंगकाकांनी जाहीर केलं. ऐकणारा एकच होता आणि त्याची हनुवटी डोळे तपासायच्या यंत्रात अडकलेली होती. “चौथी ओळ वाचा. तर मी काय म्हणत होतो, डोळ्यांना लागतो तसा आवाजालाही चष्मा लागतो. तो मी लावणार!” गिऱ्हाईक बिचारं चौथी ओळ विसरून गेलं.

भिंगकाकांचं चष्म्याचं दुकान. भिंगं घासण्यात हयात गेली, म्हणून सगळे त्यांना याच नावानं ओळखत. आपण कुठलंही काम हातात घेतलं की ते फत्ते होणारच, अशी त्यांची पक्की खात्री होती. घरातल्यांची तशी नव्हती.

चमत्काराचं मूळ मात्र चाळीस वर्षं मागं होतं. तेव्हा काका याच दुकानात नोकरीला होते. भिंगं घासायच्या टेबलाच्या वर, फळीवर, मालकांचा जुना व्हॉल्वचा रेडिओ असायचा. आत काचेचे नळीसारखे दिवे, ते आधी तापायचे आणि मग रेडिओला कंठ फुटायचा. रोज संध्याकाळी साडेसहाला एक बाई बाजारभाव वाचायची. काकांकडे ना शेत, ना दुकान, ना घरात कुणी स्वयंपाक करणारं! तरी ते हातातलं काम थांबवून ऐकायचे. ‘मोहरी स्थिर,’ असं ती म्हणाली की जगात आता काही वाईट होणार नाही असं त्यांना वाटायचं.

एक दिवस एक मुलगी चष्म्याचा नंबर काढायला आली. तिनं तक्त्यावरची पहिली ओळ वाचली आणि काकांच्या हातातलं भिंग खाली पडून फुटलं. तोच साडेसहाचा आवाज! त्याच आपल्या काकू!

पुढं संसार झाला, मुलगा शिकून परगावी गेला, काकू निवृत्त झाल्या, रेडिओ केंद्र बंद पडलं. तो आवाज कुठं गेला, ते काकांना कळलंच नाही. आता घरात ऐकू यायचं ते असं: “पाय पुसा!” “दार ओढून घ्या!” “ऐकताय का?” यावर काका पेपरातून डोकं वर न काढता “हं” म्हणायचे. दोघांत भांडण म्हणाल तर नव्हतं. पण काकांना तो साडेसहाचा आवाज हवा होता. फार हवा होता. कधी कधी भिंग घासताना हात आपोआप थांबायचा, आणि फळीवर रेडिओ नाही हे मग लक्षात यायचं.

एकच कॅसेट उरली होती. काकूंच्या निरोपाच्या दिवशी केंद्रातल्या कुणीतरी भरून दिलेली. मुलानं पाठवलेल्या झकपक स्टिरिओ सिस्टिमला जुना टेपडेक जोडून काकांनी ती लावून पाहिली, तर बाई पत्र्याच्या पिंपात उभी राहून बोलतेय असं वाटलं. तेव्हा रेडिओ दुरुस्त करणारे जुने मास्तर म्हणाले, “मधे जुन्या ॲम्प्लिफायरची, व्हॉल्वची पेटी बसवा. आवाजाला ऊब येईल.” झालं! काकूंना चकित करायचं ठरलं, म्हणजे गुप्तता आली.

बुधवारी सकाळी काका गॅलरीत उभे राहून मास्तरांशी फोनवर कुजबुजत होते. काकांची कुजबूज साधारण तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते. आत काकू ओले कपडे घेऊन उभ्या होत्या.

“अहो, पूर्वी काय आवाज होता! आता ऊबच राहिली नाही. पातळ झालाय पार. वरच्या पट्टीत गेला की कानात खडू ओढल्यासारखा!”

काकूंनी टॉवेल पिळला.

“छे छे, टाकून कशी देणार? मुलाला काय वाटेल! ती राहू दे तिच्या जागी. जोडीला एक जुनी आणू. तुमच्याकडची किती वर्षांची? पन्नास? उत्तम! मला त्याच काळातली हवी!”

काकूंनी आधीच पिळलेला टॉवेल पुन्हा पिळला.

“तापायला दोन मिनिटं लागतात? लागू देत हो! आणि रविवारीच आणा. ही घरात असेल तेव्हा. हिच्यासमोरच बसवू!”

त्या क्षणापासून काकूंनी बोलणं बंद केलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. चहाचा कप टेबलावर दणकन आदळत होता, कपाटाची दारं बंदुकीसारखी वाजत होती, पण शब्द म्हणून नाही! आणि आता सांगायलाही लाज वाटते मंडळी, पण भिंगकाकांच्या हे लक्षातच आलं नाही! उलट शनिवारी ते समाधानानं म्हणाले, “घर कसं शांत शांत वाटतंय नाही अलीकडे? उद्यासाठी असंच वातावरण लागतं.” काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन थोरल्या बहिणीला फोन लावला. तिच्याशी त्या बोलल्या. चांगल्या तासभर बोलल्या.

रविवारी सकाळी नऊलाच थोरल्या ताई हजर! ताई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आल्या त्या रिकामी बॅग घेऊन आल्या.

“वा, ताई! तुम्हीही आलात? बरं झालं! साडेनऊला येतेच आहे,” काका हर्षभरित होऊन म्हणाले.

“लाज नाही वाटत?” ताई कडाडल्या.

“लाज कसली? आधी हिला सांगणार नव्हतो, पण आता सगळ्यांनीच बघा. मी तर म्हणतो, शेजाऱ्यांनाही बोलावू!”

ताई मटकन खुर्चीत बसल्या. काकू कपाटातून साड्या काढून बॅगेत भरायला लागल्या. तेवढ्यात बेल वाजली. दारात मास्तर, घामाघूम.

“आणली बरं का! खाली गाडीत आहे.”

“वर यायला लाजतेय वाटतं?” ताईंनी विचारलं.

“नाही हो, जड आहे. दोघं लागतील उचलायला. आणि जरा जपून, आतून नाजूक आहे.”

“उचलायला?!” ताईंच्या आवाजानं मास्तर दोन पायऱ्या खाली गेले.

दहा मिनिटांनी चादरीत गुंडाळलेली लोखंडी पेटी टेबलावर आली. चादर काढली, वर दोन काचेचे व्हॉल्व चमकले, आणि ताईंचा चेहरा पडला. एवढ्या लांबून भांडायला येऊन पेटीशी कोण भांडणार!

“म्हणजे... ही ती जुनी?”

“मग तुम्हाला काय वाटलं?”

ताईंनी काय वाटलं ते सांगितलं. काका आधी हसले. इतके हसले की चष्मा निसटला. मग त्यांना बेडरूमच्या दारात काकू दिसल्या, हातात साडी, आणि हसू तिथंच थांबलं.

“अगं, ते सगळं स्टिरिओ सिस्टिमबद्दल होतं! पातळ आवाज तिचा. तुझा नव्हे. थांब, ऐक तूच!”

मास्तरांनी तारा जोडल्या. काकांनी कॅसेट घातली. व्हॉल्वमधे नारिंगी ठिणगी उजळली. दोन मिनिटं सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग स्पीकरमधून आवाज आला, भरदार, संथ, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा: “श्रोतेहो, नमस्कार. आज बाजारात—”

कर्रर्र! टेपडेकनं कॅसेट गिळली. काकांनी “मी काढतो, मी काढतो!” म्हणत ओढली, तशी तपकिरी फीत हातभर बाहेर आली, मग आणखी हातभर, आणि मग तुटली.

काका फरशीवर बसले. मांडीवर फितीचा गुंता. “एकच होती,” ते म्हणाले. “मला फक्त एकदा पुन्हा ऐकायचं होतं. तू रोज घरात असतेस आणि मला तुझी आठवण येते गं. हे कुणाला सांगू मी?”

ताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मास्तरांनी उगाच एक तार काढून पुन्हा लावली. काकू पुढं आल्या, टेबलावर दोन्ही हात टेकवून पेटीवर वाकल्या आणि चार दिवसांचा बांध फुटला.

“कॅसेटीत कशाला शोधताय? मी मेले नाही अजून!”

आणि मंडळी, हे वाक्य दोनदा ऐकू आलं! एकदा काकूंच्या तोंडून, आणि एकदा स्पीकरमधून. भरदार, संथ, ऊबदार. शब्द भांडणाचे, पण आवाज साडेसहाचा!

काकूंनी पेटीकडे पाहिलं. स्पीकरकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली, एक श्वास घेतला आणि व्हॉल्वच्या वीतभर अलीकडे तोंड आणून अगदी हलक्या आवाजात बोलायला लागल्या.

“श्रोतेहो, या घरातली एक बाई बुधवारपासून बोललेली नाही. ही गोष्ट तिच्या नवऱ्याच्या ध्यानात आलेली नाही. बाईची उंची मध्यम, रंग सावळा, स्वभाव बरा. ती सापडली तर नवऱ्यानं पेपर खाली ठेवावा आणि तिच्याकडं बघून बोलावं, ही विनंती.”

खोलीचे चारही कोपरे त्या आवाजानं भरून गेले. भिंगकाका फरशीवरच बसून होते, फीत मांडीवर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढी खरडपट्टी इतक्या आनंदानं जगात कुणी ऐकली नसेल.

“अजून बोल ना,” ते म्हणाले.

घोटाळा केला तो मास्तरांनी. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून ते पुढं सरसावले. “माफ करा हं वहिनी, डावा व्हॉल्व खराब लागलाय. दुसरा घालून देतो, पाच मिनिटांचं काम.”

“काय झालंय त्याला?” काकूंनी विचारलं.

“बिघाड आहे, दुसरं काय! जवळ माणूस बोललं की याला ऐकू येतं.”

“मग राहू दे,” काकू म्हणाल्या. “या घरात कुणाला तरी येतंय!”