येते म्हटल्यावर

कोंडघाट ते वाघजाई हा डोंगरवाटेचा टप्पा निघणाऱ्याचा शब्द पाळतो. घाटाच्या तोंडाशी तशी पाटीच आहे: 'घरातल्या माणसाला सांगितल्याशिवाय वाट पुढे सरकणार नाही. सांगाल तसंच होईल.' मी ती वाचली, सॅक सावरली आणि चढायला लागले. हा टप्पा मला एकटीला पुरा करायचाच होता. माझ्या पायाला भिंगरी आहे, एका जागी बसले की जीव गुदमरतो.

पठारावर चांगुणामावशींचं एकच घर. त्यांनी भाकरी वाढली. मी जेवले, उठले आणि म्हणाले, "येते हं मावशी."

कड्याला वळसा घातला, कारवीतून वर चढले आणि मावशींच्याच अंगणात आले.

"आलीस? येते म्हनली व्हतीस नव्हं," मावशी म्हणाल्या. त्यांनी चूल विझवलीच नव्हती.

पुन्हा निघाले, पुन्हा जिभेवर तेच आलं. जन्माची सवय. पुढच्या खेपेला मात्र मी चिडून "बरं, मग जा..." एवढं म्हणतेय तोच त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आमच्या मालकांनी रागाच्या भरात तेच म्हनलं, पोरी. अजून चालत्यात. वाट माघारी सोडत न्हाई त्यांस्नी."

"मग तुम्ही शोधायला का नाही गेलात?"

"आन् सांगून जायाला घरात मानूस नको?"

हे नियमाला धरूनच होतं. मी विचार करायला उंबऱ्याच्या आत बसले, तिथेच चुकले. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं.

"घरात हाईस तर ऐक," त्या म्हणाल्या. "जाते गं."

त्या कड्याआड दिसेनाशा झाल्या. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

आता निरोप घ्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. कितीही चालले तरी अंगण सरेना. बूट बांधून, सॅक भरून मी नुसती येरझाऱ्या घालत राहिले. वाघजाईचं टोक समोर दिसत होतं.

शेवटी खालून एक गडी धापा टाकत आला. निळकंठ नाव, तोही एकटाच निघालेला. मी त्याला घाईघाईने आत बसवलं, चहा हातात दिला, सॅक पाठीवर टाकली. आता एकच शब्द बोलायचा होता.

"बसा तुम्ही," मी म्हणाले. "येते हं."

संध्याकाळी अंगणात पोचले तेव्हा तो बूट बांधून उंबऱ्याशी उभा होता.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "मी आता जा..."

माझा हात त्याच्या तोंडावर गेला.

"असं नाही म्हणू," मी म्हणाले. "येतो म्हणावं."