गोदाक्काचं उरलंसुरलं

एका जंगलात, बाळांनो, सगळे भूक लागली की खायचे आणि पोट भरलं की थांबायचे. अडाणी होते बिचारे. मग तिथे आहारशास्त्र आलं आणि सगळे हुशार झाले.

तिथे गोदाक्का नावाची अस्वलीण राहायची. वय उताराला लागलेलं, अंग सुटलेलं. मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून ताजी फुलं खायची तिला लहानपणापासूनची हौस. पण आता तिने पाय ठेवला की फांदी कुरकुरायची. गेल्या मोसमात तर मोडलीच. गोदाक्का खाली बसून रडली. घरचे पोट धरून हसले.

घरचे फार जपून खाणारे होते. नवरा दाजीबा साखर नसलेला मध खायचा. असा मध एक माकड विकायचं, आणि दाजीबा तो विश्वासाने चाटायचा. मुलाला दंड फुगवायचे होते. त्याला प्रोटीनसाठी वाळवी लागायची, तीही सागावरचीच. सासूबाईंना उपवासाची रताळी लागायची, तीही मऊ.

बाजार गोदाक्काच करायची. हा मध चालेल की तो, म्हणून ती माकडाच्या दुकानासमोर घामाघूम उभी राहायची. चुकीचं आणलं तर घरात सगळ्यांनाच वाचा फुटायची.

एवढं आणल्यावर ते खायचे किती? दोन घास. "बास, वजनाकडे बघायला हवं," म्हणत उठायचे. अन्न टाकायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. मग गोदाक्का चुलीपाशी बसून सगळ्यांचं पथ्य एकटीच संपवायची.

शेवटी दाजीबाने तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बगळे फार नावाजलेले. एका पायावर उभं राहून तपासायचे. ते जन्मात बाजारात गेले नव्हते. मासे आपणहून त्यांच्या पायाशी यायचे.

"बाई, काय खाता?"

"उरलेलं," गोदाक्का म्हणाली.

"मी पदार्थ विचारतोय."

"डॉक्टरसाहेब," दाजीबा मध्येच म्हणाला, "आमच्या घरात सगळे मोजून खातात. ही सोडून."

डॉक्टरांनी मान हलवली. "या वयात मनावर ताबा हवा. देवभाताच्या, म्हणजे रानातल्या तांदळाच्या, कोंड्याची पेज घ्या. आणि बाजाराचा ताण घेऊ नका."

झालं! आता बाजारात आणखी एक जिन्नस शोधायचा. पेज घरच्यांनी चाखली, तोंड वाकडं केलं आणि वाट्या तिच्याकडे सरकवल्या. गोदाक्काने त्याही संपवल्या. वजन वाढलं. डॉक्टर चिडले.

"बाई, तुम्हाला स्वतःची लाज कशी वाटत नाही?"

गोदाक्काला खरंच लाज वाटली. तरी तिने हळूच विचारलं, "डॉक्टर, तुमचे उरलेले मासे कोण खातं हो?"

"कोण म्हणजे? पोट भरलं की मी ते सोडून देतो."

गोदाक्का तोंड उघडं टाकून बघत राहिली. असंही करता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तिने उरलेलं खाणं सोडलं. टाकलंही नाही हं, बाळांनो. ज्याचं त्याने सोडलेलं दुसऱ्या दिवशी त्याच्याच ताटात वाढलं. शिळी वाळवी बघून मुलगा ओरडला. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, घराला अवदसा आठवली!" पण अन्न टाकायचं नाही, हे त्यांचंच म्हणणं. मग नाक मुरडत सगळ्यांना ताटं चाटूनपुसून संपवावी लागली. दाजीबाचं पोट गोल दिसू लागलं. मुलाचे दंड सोडून बाकी सगळं फुगलं.

मोह फुलला तेव्हा गोदाक्का सरसर शेंड्यावर गेली. घरचे घाबरले आणि डॉक्टरांना झाडाखाली घेऊन आले.

"हिला काहीतरी झालंय," दाजीबा रडकुंडीला येऊन म्हणाला. "हल्ली घरात उरतं!"

डॉक्टरांनी खालूनच तपासलं. "गंभीर आहे. भूक मेलीय. भूक वाढवायचं औषध द्या, लगेच गुण येईल."

"अगं, खाली ये!" दाजीबा ओरडला. "औषध घे!"

गोदाक्काने एक ताजं फूल तोंडात टाकलं. कितीतरी वर्षांनी ती स्वतःच्या भुकेचं खात होती.

"अहो, मी बरी आहे," ती वरून म्हणाली. "तुमचं कालचं ताटात झाकून ठेवलंय."

तात्पर्य: घरात एकजण जाड असला, की बाकीच्यांचा आहार संतुलित राहतो. म्हणून, बाळांनो, आईला वेळोवेळी डॉक्टरांकडे न्यावं, पण बरी मात्र होऊ देऊ नये.