मराठी विषयातील अज्ञान व त्यांचे पालनकर्ते

माझी मुलगी श्रेया बारावी उत्तीर्ण झाली आणि मराठी हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करण्याचा आपला निर्णय तिने आमटीभात कालवता कालवता घरात जाहीर केला. माझी पत्नी मालन हिने हात धुतला, पुसला आणि श्रेयाच्या कपाळाला लावून पाहिला.

मी, गंगाधर घाडीगावकर, परळ-लालबाग मायबोली जागृती मंचाचा कार्याध्यक्ष आहे. मराठी जगली पाहिजे याबाबत आमच्या घरात कधीही दुमत नव्हतं. मात्र ती आमच्याच घरातून जगवावी, असा ठराव मंचाच्या एकाही सभेत झालेला नाही. शिवाय श्रेयाला चांगले शहाऐंशी टक्के मिळालेले. एवढ्या टक्क्यांत मानसशास्त्र सहज मिळतं. मिळणारी गोष्ट सोडून देण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

"मराठी घेवन काय करतलंस?" मालनने विचारलं. "घरात बोलतस तां काय कमी आसा?"

"ती मला येत नाही, म्हणून घ्यायचीय," श्रेया म्हणाली. "पप्पांची भाषणं लिहिताना कळलं मला. एक वाक्य हिंदीत सुचतं, दुसरं इंग्रजीत. मराठीत आणताना जीव जातो. मला हे नीट शिकायचंय. मला पुढे लिहायचंय."

इथे खुलासा करायला हवा, की मंचाच्या कार्याचा व्याप मोठा असल्यामुळे माझी भाषणं गेली काही वर्षं श्रेया लिहून देते. विचार माझेच असतात. ते कोणते हे तिला विचारावं लागतं, एवढंच. मी तिला शांतपणे समजावलं, की मराठी हा अभिमानाचा विषय आहे, अभ्यासाचा नव्हे. दोन्हींची गल्लत केली की माणूस कुठेच राहत नाही.

"एक तर मराठी, नाहीतर मी वर्षभर घरी बसेन," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. आमचं घर करी रोडला, चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर आहे. तिथे वर्षभर एक तरुण मुलगी तोंड फुगवून बसली, तर बाकीच्यांनी जायचं कुठे? म्हणून मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. प्रवेशप्रक्रिया भल्याभल्यांचे निर्णय बदलते, तिचाही बदलेल, अशी मला खात्री होती.

कॉलेज दादरचं, नामांकित. त्यांना आम्ही चांगले ओळखतो, कारण गेल्या वर्षी मंचाने त्यांच्यावर मोर्चा नेला होता. प्रवेशाचं माहितीपत्रक संपूर्ण इंग्रजीत होतं. ते मराठीत हवं, ही आमची पहिली मागणी. इंग्रजी आणि मराठी मजकुरात तफावत आढळली तर मराठी मजकूरच ग्राह्य धरावा, ही दुसरी. दोन्ही मान्य झाल्या. पेढे वाटले गेले. ते माहितीपत्रक पुढे वाचलं मात्र आमच्यापैकी कोणी नाही, कारण तोवर आम्ही पुढच्या मोर्चाला लागलो होतो.

भाषांतराचं काम कॉलेजचे हेडक्लार्क कोंडीराम यांच्याकडे गेलं. त्यांनी उमेदीची वर्षं एका वकिलाकडे टायपिंग करण्यात घालवली होती. इंग्रजीत मुख्य विषयाला मेजर आणि दुय्यम विषयाला मायनर म्हटलेलं होतं. कायद्यात मेजर म्हणजे सज्ञान आणि मायनर म्हणजे अज्ञान, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येत असे. त्यामुळे प्रवेशखिडकीवर फलक होता: 'बी.ए. करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका विषयात सज्ञान आणि दुसऱ्या विषयात अज्ञान असणे अनिवार्य आहे. दोन्ही विषयांत सज्ञान असणाऱ्यांचा प्रवेश रद्द होईल.'

"मराठी," श्रेया खिडकीत वाकून म्हणाली. "सज्ञान."

"सज्ञान मराठीची टोपली बंद आहे," कोंडीराम म्हणाले. विषय टोपल्यांत ठेवलेले होते. नव्या शैक्षणिक धोरणात इंग्रजीतही बास्केटच म्हणतात, त्यामुळे इथे कोंडीरामांना दोष देता येत नाही. "गेल्या वर्षी कोणी घेतली नाही. मराठीत तुम्हाला फक्त अज्ञान राहता येईल. सज्ञान मानसशास्त्रात व्हा."

मला मनातून बरं वाटलं. तोंडी लावायला मराठी आणि जेवायला मानसशास्त्र, म्हणजे माझं भाषणही सुटणार नव्हतं आणि मुलगीही हातची जाणार नव्हती.

"मलाही मराठीच हवंय आणि मला फ्रेंच दिलंय," मागून आवाज आला. माहीमच्या कोळीवाड्यामागे राहणारी अँड्रिया ही श्रेयाची शाळेपासूनची मैत्रीण. तिचं घराणं मुंबईतलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं ईस्ट इंडियन ख्रिस्ती. घरात त्यांची त्यांची मराठी बोलतात.

"नाव अँड्रिया आहे. कॉम्प्युटर आपोआप फ्रेंच देतो," कोंडीराम म्हणाले.

"कॉम्प्युटरला सांगा, माझी आजी त्याला मराठीत शिव्या देईल."

कोंडीरामांनी चष्मा काढला. "हे बघा. मराठीत किमान पंधरा अज्ञान नोंदले गेले, तर सज्ञानाचा वर्ग उघडता येतो. तशी तरतूद आहे. आत्ता अज्ञान तुम्ही दोघीच. शिवाय प्रत्येक अज्ञानाला एक अज्ञान पालनकर्ता लागेल, आणि तो त्या विषयात सज्ञान हवा."

अज्ञान पालनकर्ता म्हणजे काय ते मला माहीत होतं. गावच्या सातबाऱ्यावर मी लहान असताना माझ्या नावापुढे अ.पा.क. लिहून काकांचं नाव असे. काकांनी माझं पालन केलं की नाही आठवत नाही, जमिनीचं मात्र चोख केलं. पण विषयाला पालनकर्ता ही गोष्ट मला नवी होती. मी तडक उपप्राचार्या माया मॅडमना जाऊन भेटलो.

"इंग्रजीत असं काहीही नाहीये हो," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "पण तफावत आढळली तर मराठी मजकूर ग्राह्य. तुम्हीच लिहून घेतलंत माझ्याकडून. पेढासुद्धा तुमच्याच हातचा खाल्ला मी."

बाहेर आलो तर दोन्ही मुली माझ्याकडे बघत उभ्या. "अंकल, तुमच्या मंचाचे मेंबर किती?" अँड्रियाने विचारलं. चारशेच्या वर आहेत हे श्रेयाला माहीत होतं. मागच्या भाषणात तो आकडा तिनेच घातला होता. त्यामुळे मला खोटं बोलता येईना. कार्याध्यक्षाची मुलगी मराठी मागते आणि कार्याध्यक्ष गप्प बसतो, हे लालबागमध्ये कळलं असतं तर माझी छी थू झाली असती. झक मारत मी सभा बोलावली.

सभा जोरात झाली. मराठीचा सज्ञान वर्ग सुरू झालाच पाहिजे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या थांबल्यावर मी विचारलं, की आपापली मुलं कोण कोण घालणार. तेव्हा काहीजण चपला शोधू लागले. आमच्या चिटणिसांचा मयूर मॅनेजमेंटला गेलेला. उपाध्यक्षांच्या मुलीला मराठी फार आवडायचं, पण तिची शाळा इंग्रजी माध्यमाची. खजिनदार म्हणाले, "माझा मुलगा उद्याच घातला असता हो. पण त्याला मराठीत विचारू कसं?"

मुलं द्यायला कोणी तयार होईना, पण अज्ञान पालनकर्ता व्हायला मात्र रांग लागली. मराठीत सज्ञान असल्याचा कॉलेजचा शिक्का मिळणार, म्हणजे सत्कार आलाच. एका मुलीला किती पालनकर्ते असावेत याची मर्यादा कोंडीरामांनी लिहिलेली नव्हती. सगळे पदाधिकारी अर्ज करायला निघाले. माझ्या अर्जाचा मसुदा श्रेयाने केला आणि बाकीच्यांनी त्यावरूनच उतरवून काढला. 'मी मराठी भाषेत सज्ञान असून तिचे पालन करण्यास समर्थ आहे' असं वाक्य होतं त्यात. वाचताना माझा ऊर भरून आला. मालनने ते वाचलं आणि म्हणाली, "भाषणां तुमी करतास, लिवन ती देता. आता पालन तरी कोण कोणाचा करता ता बघूया."

आम्ही अर्ज घेऊन वाजतगाजत कॉलेजात गेलो. लेझीम नव्हती, ढोल होता. कोंडीरामांनी पहिला, म्हणजे माझा, अर्ज उचलला. वरपासून खालपर्यंत वाचला. शुद्धलेखनाला त्यांनी मान डोलावली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते थांबले.

"हे काय आहे?"

"माझी सही."

"कुठल्या भाषेत?"

मी वाकून पाहिलं. सही इंग्रजीत होती. जी. एस. घाडी, आणि खाली एक लांबलचक शेपटी. कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानांवर गिरवून गिरवून बसवलेली ती सही. बँकेत तीच, पासपोर्टवर तीच, मंचाच्या घटनेवर तीच आणि गेल्या वर्षीच्या मोर्चाच्या निवेदनावरही तीच. आजवर तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

कोंडीरामांनी उरलेले अर्ज पत्त्यांसारखे पसरले आणि फक्त तळाच्या ओळी पाहत गेले. चिटणीस, इंग्रजी. उपाध्यक्ष, इंग्रजी, पहिल्या अक्षराला वेलबुट्टी. खजिनदार, इंग्रजीच, पण वाचता न येणारी. ढोलवाला दारात थांबला होता, त्याला चिटणिसांनी हातानेच जायला सांगितलं.

"म्हणाल तर आत्ता मराठीत करून देतो," मी म्हणालो. पेन घेतलं. 'गं' झाला, 'गा' झाला, मग माझा हात आपोआप शेपटी मारून मोकळा झाला.

"ही बँकेतल्या सहीशी जुळत नाही. बनावट सही होईल," कोंडीराम म्हणाले. "स्वतःचं नाव ज्या भाषेत लिहिता येत नाही, त्या भाषेत माणूस सज्ञान कसा धरायचा? पालनकर्ता म्हणून आपण सर्व अपात्र." त्यांनी सावकाश रजिस्टर उघडलं. "आता कलम अकरा. मराठीत अज्ञान असल्याचं लेखी आढळून आल्यास, सदर व्यक्तीची अज्ञान म्हणून नोंद करणे कार्यालयावर बंधनकारक राहील."

एकेक नाव लिहिलं जाऊ लागलं. आम्ही अठरा जण होतो. तेरावं नाव लिहून होताच, म्हणजे दोन्ही मुली धरून पंधरा अज्ञान भरताच, अँड्रियाने श्रेयाचा दंड इतका जोरात धरला, की श्रेया कळवळली. सज्ञान मराठीचा वर्ग उघडला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण अठरा नवे अज्ञान झाले, म्हणजे अठरा जणांना पालनकर्ता हवा. मराठीतली सही शोधता शोधता कोंडीराम अँड्रियाच्या अर्जाशी आले. तिची पालनकर्ती म्हणून तिची आजी मेबल हिने सही केलेली होती. ठसठशीत 'मेबल', डोक्यावर नीट रेघ. म्हातारी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. दुसरी सही करायचा तिला कधी प्रसंगच आला नव्हता.

तिला बोलावून घेतलं गेलं. आम्हा अठरा जणांवरून तिने नजर फिरवली.

"एवरे सगले माजे अंगावर?" ती म्हणाली. "मना काय जास्त मराठी येत नय. पन यांना अजिबात येत नय, ते दिसते."

तेव्हापासून मी कॉलेजच्या हजेरीपटावर 'गंगाधर, अ.पा.क. मेबल' असा आहे. पंचाहत्तर टक्के उपस्थिती सक्तीची असल्यामुळे मंचाच्या सभा बंद पडल्या आहेत. दर शनिवारी, सभेच्याच वेळी, आम्ही शेवटच्या बाकांवर बसतो. पहिल्या बाकावर श्रेया आणि अँड्रिया असतात. मान वर न करता लिहीत असतात. काय लिहितात, मला दाखवत नाहीत. मराठी भाषा दिनाला मी सवयीने श्रेयाकडे भाषण मागितलं, तर ती म्हणाली, "पप्पा, तुमचं तुम्ही लिहा. मला माझं लिहायचंय." राग आला. मग रात्री दोन ओळी लिहून पाहिल्या, तेव्हा ती इतकी वर्षं माझ्यासाठी काय काय करत होती ते कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याला गुण नाहीत. भाषण मेबल मावशींना दाखवावंच लागलं, कारण अज्ञानाने पालनकर्त्याच्या संमतीवाचून केलेलं भाषण कायद्याने रद्दबातल ठरतं. मावशींनी ते ऐकलं आणि संमती नाकारली. यंदाचा भाषा दिन भाषणाशिवाय झाला. कार्यक्रम फार चांगला झाला, असं मालन सगळ्यांना सांगते.

तर सदर मजकूर हा माझा अज्ञान मराठीचा सत्रांत स्वाध्याय आहे. तो माझा मी लिहिला असून मेबल मावशींनी तपासला आहे. नियमानुसार स्वाध्याय इतरांनी वाचल्याची पोच जोडावी लागते. आपण इथवर वाचलंत, तेव्हा कृपया खाली सही करावी. विचार करत बसू नका, नेहमी करता तशीच करा. कोंडीराम रजिस्टर उघडून बसले आहेत.