तटस्थ भट्टी

योब्स्ट पाववाल्याने भट्टीचं दार किलकिलं करून राय धान्याच्या काळ्या पावांकडे नजर टाकली, आणि तेवढ्यात बाहेर गल्लीत कुणीतरी त्याच्या घराच्या भिंतीला शिवी हासडली. शिवी परदेशी होती. पण शिवी कळायला भाषा यावी लागत नाही. योब्स्टने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. उजवीकडे एका बग्गीचे पांढरे घोडे, डावीकडे दुसऱ्या बग्गीचे काळे घोडे. दोन्हीकडची तोंडं एकमेकांना टेकलेली, आणि ती टेकली होती नेमकी त्याच्या भट्टीसमोर.

म्युन्स्टरच्या त्या गल्लीत दोन बग्ग्या एकमेकींना कुठेही ओलांडून जाऊ शकत होत्या. फक्त योब्स्टच्या घरापाशी नाही. त्याच्या आजोबांनी भट्टी बांधताना ती पोटुशा बाईच्या पोटासारखी गल्लीत पुढे काढली होती आणि समोर मठाची दगडी भिंत होती. तेवढ्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी मावे. गावच्या गाडीवानांना हे ठाऊक होतं. ज्याची गाडी रिकामी तो जरासा मागे सरकायचा, भरलेल्याला जाऊ द्यायचा आणि जाता जाता खिडकीतून पाव मागून घ्यायचा. एवढ्या वर्षांत तिथे कधी भांडण झालं नव्हतं. पण तेव्हा या गल्लीत राजे येत नव्हते.

राजे तसे आताही आले नव्हते, त्यांचे राजदूत आले होते. जर्मन मुलखात एका पिढीभर सगळे राजे एकमेकांशी लढत होते, आणि आता थांबायचं कसं हे ठरवायला त्यांनी आपापली माणसं म्युन्स्टरला धाडली होती. ती येऊन बराच काळ लोटला. लढाई चालूच होती. तहाची बोलणी मात्र 'आधी आत कोण येणार आणि कुणाची खुर्ची कुठे' यापलीकडे सरकली नव्हती. गावात अंडं मिळेनासं झालं होतं. डुकरांना रस्त्यावर यायची बंदी झाली होती, कारण एका डुकराने म्हणे एका सरदाराला आधी वाट दिली आणि दुसऱ्याला नंतर.

पांढऱ्या घोड्यांमागच्या बग्गीत एका राजाचे राजदूत मार्की ब्रिसोल बसले होते, काळ्या घोड्यांमागच्या बग्गीत दुसऱ्या राजाचे राजदूत दॉन तोराल्बा. दोघेही उतारवयाचे, दोघांनाही संधिवात. दोघांचे राजे एकमेकांचे पाहुणे लागत, म्हणून वैर अगदी घट्ट होतं.

"अहो, काय झालं?" आतून योब्स्टची बायको त्रीने ओरडली.

"दोन गाड्या अडकल्यात."

"मग एकाला म्हणावं मागे हो."

योब्स्टने ते म्हणून पाहिलं. पांढऱ्या बाजूचा बारका चिटणीस खिडकीशी आला. "मागे?" तो म्हणाला. "माझ्या राजाने मागे यायचं? तुला कळतंय का, तू काय बोलतोयस?"

"राजाने नाही हो. घोड्यांनी. तेही जरासंच."

"घोडे मागे आले म्हणजे बग्गी मागे आली. बग्गी मागे आली म्हणजे मार्की मागे आले. मार्की मागे आले म्हणजे राजा मागे आला. आणि हे उद्या सगळ्या युरोपात कळणार!"

काळ्या बाजूचा जाडा चिटणीसही तेच म्हणाला. फक्त त्याच्या बोलण्यात राजाच्या नावाआधी बिरुदं जास्त होती, त्यामुळे वेळ जास्त लागला.

दुपार होत आली. गल्ली तुंबली. विहीर एकीकडे आणि बायका दुसरीकडे. बग्गीखालून सरपटत पलीकडे गेलेल्या हिन्रिक चांभाराला बारक्या चिटणिसाने पकडून विचारलं, "तू आमच्या बग्गीखालून आधी गेलास की त्यांच्या?" हिन्रिकने खरं सांगितलं आणि तो दोन्हीकडचा मार खाऊन परत आला.

राजदूत खाली उतरायला तयार नव्हते. उतरलं तर जागा सोडली असं झालं असतं. दोन्ही बग्ग्यांमधून पोटातली गुरगुर ऐकू यायला लागली, कारण भट्टीतून ताज्या पावाचा वास थेट त्यांच्याच नाकात शिरत होता.

"खायला द्या त्यांना काहीतरी," त्रीने म्हणाली. "भुकेला पुरुष फार हट्टी असतो. मला विचारा."

योब्स्टने दोन मोठे पाव घेतले, खिडकीतून अंग बाहेर काढलं आणि उजव्या हाताने पांढऱ्यांना, डाव्या हाताने काळ्यांना पुढे केले.

"डावा हात?" जाडा चिटणीस किंचाळला. "आमच्या राजाला डावा?"

योब्स्टने घाईघाईने पाव अदलाबदल करून धरले. आता बारका किंचाळला. मग योब्स्टने हातांची फुली केली. यावर दोन्ही चिटणीस गंभीर झाले. हाताचा मान हात कुठून निघतो यावर ठरतो की कुठे पोचतो यावर, असा प्रश्न उभा राहिला. दोन्हीकडून लॅटिन वचनं निघाली. योब्स्टचे खांदे भरून आले. शेवटी त्रीनेने मागून येऊन दोन्ही पाव त्याच्या हातातून हिसकले आणि गल्लीत भिरकावले. पांढऱ्या आणि काळ्या घोड्यांनी ते तोंडाला तोंड लावून खाल्ले. कुणी आधी खाल्ले ते कुणी पाहिलं नाही, हे ख्रिस्ती जगाचं नशीब.

मग नगरसभेचे ल्यूनिंगसाहेब आले. ल्यूनिंगसाहेबांची अडचण अशी की त्यांना दोन्ही बाजूंना एकाच वेळी लवून मुजरा करायचा होता. ते जमेना म्हणून त्यांनी मध्यस्थ बोलावला. हे फादर आन्सेल्मो नावाचे इटलीचे वृद्ध साधू होते. त्यांच्या चेहऱ्यावर, जत्रेत दुसऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या माणसाचा थकवा होता.

दोन राजदूत एकमेकांशी बोलत नसत. फादर एकाचं म्हणणं ऐकून दुसऱ्याकडे नेत. पण गल्ली घोड्यांनी बंद. आता, योब्स्टच्या घराला दोन दारं होती. दुकानाचं दार भट्टीच्या उजवीकडे उघडे, स्वयंपाकघराचं डावीकडे. झालं! फादर दुकानातून आत, पिठाच्या पोत्यांवरून, पाळण्याला वळसा घालून, त्रीनेच्या चुलीसमोरून बाहेर. आणि उत्तर घेऊन पुन्हा परत. मागोमाग चिटणीस, चिटणिसांचे कारकून, शाईवाला, मेणाचं शिक्कामोर्तब करणारा.

"हा रस्ता आहे का घर?" त्रीने कडाडली. "पाय तरी पुसा!"

"बाई," फादर अजिजीने म्हणाले, "तुम्ही मार्कींच्या माणसाला पाय पुसायला सांगितलंत, आणि दॉनसाहेबांच्या माणसाला नाही. अशाने बोलणी मोडतील."

"मग दोघांनाही सांगते!"

"कुणाला आधी?"

तक्रारी आल्याच. पाववाला पांढऱ्या बाजूला तोंड करून हसला, असं काळे म्हणाले. पाववालीने काळ्यांकडे पाठ करून भांडी घासली, असं पांढरे म्हणाले. तेव्हा फादरनी दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तोडगा काढला. ते भट्टीच्या खिडकीत उभे राहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजपासून हे घर तटस्थ आहे. या भिंतींच्या आत कोणत्याही राजाचा हुकूम चालणार नाही. जो आधी हुकूम सोडील, तो शांततेचा वैरी ठरेल."

मार्कींनी बग्गीतून टोपी काढली. दॉननीही काढली. फादरनी आधीच ठरवून दिल्यामुळे दोन्ही टोप्या एकदमच निघाल्या.

"या घरात राजाचा हुकूम कधी चालत होता?" त्रीने म्हणाली. "इथे माझा चालतो."

"तूर्त तुमचाही नाही, बाई," फादर म्हणाले.

योब्स्टला क्षणभर फार बरं वाटलं.

ते सुख टिकलं नाही. ऊन कलायला लागलं तसे ल्यूनिंगसाहेब हात चोळत आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि मोठ्या माणसांचा आनंद आपल्याला महागात पडतो, हे योब्स्टला ठाऊक होतं.

"जमलं!" ल्यूनिंगसाहेब म्हणाले. "कुणीच मागे जायचं नाही. दोघेही पुढेच जाणार. आपापल्या उजव्या बाजूने, एकाच वेळी. फक्त जागा करावी लागेल."

"कुठली जागा?"

ल्यूनिंगसाहेबांनी भट्टीवर हात टेकला, चटका बसला म्हणून काढला आणि म्हणाले, "ही."

योब्स्ट पिठाच्या पोत्यावर बसलाच. पाववाल्यांच्या पंचायतीत ज्याची स्वतःची भट्टी नाही त्याला बाकावर जागा नव्हती, आणि बाकावर जागा नसलेल्याला बाजारात पाव विकू देत नसत. आजोबांनी ती भट्टी बांधली, बापाने ती लिंपली, आणि युद्धात तीन वेगवेगळ्या फौजा गावाबाहेरून गेल्या तरी तिची एक वीट हलली नव्हती. आता शांतता येत होती, तर ती पाडायची!

"समोरची भिंत पाडा ना," तो म्हणाला.

"ती मठाची. मठ पोपसाहेबांचा. पोपसाहेब रागावतील."

"फादर," योब्स्ट गयावया करत म्हणाला, "तुम्हीच सांगा. माझी भट्टी कुणाच्या बाजूची आहे? पांढऱ्यांच्या?"

"नाही."

"काळ्यांच्या?"

"छे, मुळीच नाही."

"मग तिलाच का पाडता?"

फादर आन्सेल्मोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. "म्हणूनच, बाळा," ते म्हणाले. "दोघांपैकी एकाची असती, तर पाडता आली असती का?"

आणखी एक बारकावा उरला होता. पहिला घाव पांढऱ्यांच्या माणसाने घातला, तर वाट पांढऱ्यांनी काढली असं झालं असतं. काळ्यांनी घातला तर काळ्यांनी. नगरसभेचे लोक मध्ये पडायला तयार नव्हते. तेव्हा सगळ्यांनी एकमताने, आणि वर्षभरात प्रथमच एवढ्या लवकर, ठरवलं की भट्टी योब्स्टनेच पाडावी.

त्याने निखारे ओढून काढले. अर्धेकच्चे पाव पोत्यावर ठेवले. मग हिन्रिकची पहार घेऊन त्याने आजोबांच्या कमानीवर घाव घातला. विटा पडायला लागल्या तशा दोन्ही बग्ग्यांमधून हलक्या टाळ्या आल्या. योब्स्टच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुळीमुळे असेल, असं बारका चिटणीस म्हणाला. जाड्या चिटणिसाने यावर हरकत घेतली नाही.

फादरनी रुमाल खाली टाकला आणि दोन्ही बग्ग्या डौलात एकमेकींशेजारून निघून गेल्या. त्याच संध्याकाळी मार्कींनी आपल्या राजाला कळवलं की काळ्यांनी वाट दिली. दॉननीही आपल्या राजाला हेच कळवलं, रंग तेवढा बदलून.

दुसऱ्या दिवशी योब्स्ट विटा गोळा करायला लागला, तर ल्यूनिंगसाहेब हजर.

"अरे अरे, हात लावू नकोस! काल जे ठरलं ते तसंच राहायला हवं. ही वाट आता मोकळीच राहणार. दोन्ही राजांची तशी इच्छा आहे."

"कधीपर्यंत?"

"तह होईपर्यंत."

"तह कधी होणार?"

ल्यूनिंगसाहेबांनी घसा साफ केला. "बोलणी चालू आहेत. सध्या टेबल गोल असावं की लांब, यावर बरीच प्रगती आहे."

ते गेले. भिंतीतल्या भगदाडातून वारा थेट पाळण्यावर येत होता. योब्स्ट भगदाडात बसून राहिला. भगदाडाबाहेरून जाणारे लोक वाकून चूल बघत होते, आणि एक म्हातारी तर "आत या" म्हणायची वाट बघत थांबली होती. त्रीनेने तिला पिटाळलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि बाह्या सारल्या.

"उठा."

"कशाला? हुकूम आहे ना राजांचा."

"कुठल्या घरात?"

योब्स्टला फादरचे कालचे शब्द आठवले. मग तो उठला आणि चुना कालवायला लागला.

आजोबांची भट्टी जिथे होती, तिथेच पुन्हा पाया घातला. किंबहुना वीतभर पुढेच, कारण त्रीने म्हणाली की आता पडलीच आहे तर थोडी मोठी करू. हिन्रिक चांभार मदतीला आला. बातमी गावभर पसरली, आणि दोन्ही बाजूंचे चिटणीस धावत आले. उजवीकडून बारका, डावीकडून जाडा, मागे धापा टाकत ल्यूनिंगसाहेब. सगळे भट्टीसमोर येऊन थांबले.

"सांगा ना हिला थांबायला!" ल्यूनिंगसाहेब म्हणाले.

बारक्याने तोंड उघडलं. मग त्याने जाड्याकडे पाहिलं. तटस्थ भिंतीच्या आत जो आधी हुकूम सोडील तो शांततेचा वैरी. हे ऐकायला काल अख्खी गल्ली होती, आणि आजही होती. त्याने तोंड मिटलं, एक पाय मागे घेतला आणि कमरेत वाकून हात पुढे केला.

"आपण बोलावं, महाराज," तो जाड्याला म्हणाला. "आपला मान मोठा."

"छे छे!" जाडा त्याच्याहून खाली वाकला. "आपल्या राजांपुढे आम्ही कोण? आधी आपण."

"भलतंच! आपलं घराणं जुनं."

"पण आपलं सैन्य मोठं. आधी आपणच."

ल्यूनिंगसाहेब एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मठाच्या भिंतीवर चढून बसलेल्या लोकांनी हसू आवरायला तोंडात टोप्या कोंबल्या.

"वीट," त्रीने म्हणाली, आणि योब्स्टने तिच्या हातात वीट दिली.

दुपारी कमानीचा शेवटचा दगड बसला. योब्स्टने आत काटक्या रचून भट्टी सुकवायला विस्तव घातला. धूर गल्लीत पसरला, तेव्हाही दोघे चिटणीस गुडघ्यापर्यंत वाकून, खोकत खोकत, एकमेकांना पुढे करत होते.