गिटारीएवढा जिल्हा

नव्या जिल्ह्याला सर्वांत आधी ओळख लागते. पाणी, रस्ते, दवाखाने या गोष्टी मागाहून देता येतात, आणि नाही दिल्या तरी लोकांना त्याची सवय असते; पण ओळखीवाचून जिल्ह्याने मुंबईत तोंड कसे दाखवावे? वाटणीत जुन्या जिल्ह्याकडे देवी राहिली. शेजारच्या नांदेडला गोदावरी होती. नव्या लातूरकडे डाळ होती, पण डाळ पडली खाण्याची वस्तू. तिच्यावर भाषण करून करून किती वेळ करणार? म्हणून ऐन दुष्काळात 'नवजिल्हा ओळख निश्चिती कक्ष' नावाचे एक कार्यालय उघडले, आणि एक विशेष अधिकारी व एक लेखापरीक्षक तिथे तातडीने रुजू झाले. तातडीच तशी होती.

बोरतळीचे सरपंच ग्यानोबा या कार्यालयात आले ते मात्र ओळख मागायला नव्हे, टँकर मागायला. बोरतळी म्हणजे अहमदपूरच्या पुढचा माळ, जिथे लातूर संपते आणि नांदेड सुरू होते, किंवा नांदेड संपते आणि लातूर सुरू होते. नेमके काय होते ते कुणालाच माहीत नव्हते. गावची विहीर आटली होती. बाया तळाला उतरून वाटीने पाणी खरवडत. विठाबाईची सून तशी उतरताना दगडावरून घसरली आणि पाय मोडून पडली, तेव्हापासून विठाबाई सरपंचांच्या मागे हात धुऊन लागली होती. ग्यानोबा एका जिल्ह्यात गेले की तिथले म्हणत, तुम्ही त्यांचे. दुसऱ्यात गेले की तिथले म्हणत, छे हो, त्यांचेच.

"हद्द ठरल्याशिवाय टँकर कसा द्यायचा, सरपंच?" विशेष अधिकारी साहेब कळवळून म्हणाले. "उद्या तुमचं गाव नांदेडचं निघालं, तर आमचं पाणी तिकडच्यांनी प्यायल्यासारखं होईल."

"लोकं तर तीच ऱ्हातील की, साहेब."

"लोक तेच, तहानही तीच. खर्चाचं लेखाशीर्ष वेगळं!" साहेबांनी समजूत घातली. "शुक्रवारी टाऊन हॉलला या. तिथं ओळख आणि हद्द, दोन्ही एकदमच ठरवतोय."

शुक्रवारी ग्यानोबा आणि विठाबाई पहिल्या एसटीने निघून टाऊन हॉलला पोचले. बघतात तर काय, मंचावर लांबलचक टेबल, त्यावर अंथरलेला जिल्ह्याचा नकाशा, नकाशावर काचेची पाण्याची सुरई, आणि मागे खुंट्यांना टांगलेल्या तीन गिटारी! हद्दीची बैठक चुकून दुसरीकडे असेल असे वाटून ग्यानोबा मागे फिरणार, तोच साहेबांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवले. कार्यक्रमाचा खर्च टंचाई निवारणातून होणार होता, म्हणून समोर दोन तरी टंचाईग्रस्त बसलेले दिसणे आवश्यक होते.

साहेबांना ऑर्केस्ट्राचा भारी नाद. त्या दिवसांत तो गावोगावी सगळ्यांनाच होता, पण साहेबांच्या हातात सही होती, एवढाच काय तो फरक. जिल्ह्याची ओळख गिटार असावी, असे त्यांनी ठरवले होते. उदगीरचे गुरुबसप्पा मुंबईच्या कारखान्यात काम शिकून आले होते आणि घराच्या ओसरीवर गिटारी घडवत होते. त्यांना सन्मानाने पाचारण केले होते. अंगावर नवे धोतर, कपाळी विभूतीचे पट्टे, आणि गिटारींकडे बघण्याची नजर अशी की लेकी दाखवायला बसवल्यात.

"आवाज सगळा पोटात असतो बगा," गुरुबसप्पा सांगू लागले. "ही धाकटी, पार्लर म्हंतेत हिला. खांदे अरुंद, कंबर बारीक. घरात चार माणसांत वाजवायची. ही मधली, ऑडिटोरियम. कंबर अशी की मांडीवर बरोबर बसती. अन् ही थोरली, ड्रेडनॉट. रुंद खांदे, कंबर नावाला, पोट खोल. हिचा खर्ज मागच्या रांगंपत्तर जातो."

त्यांनी तिन्ही छेडून दाखवल्या. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ग्यानोबांनीही वाजवल्या, टँकर मिळणार असेल तर त्यांनी ताशाही वाजवला असता. मग साहेब उठले आणि त्यांनी ती योजना सांगितली, जिच्यामुळे पुढे त्यांना बढती मिळाली.

"जिल्ह्याचा नकाशा वेडावाकडा आहे," ते म्हणाले. "बघणाऱ्याला त्यात काही म्हणजे काही दिसत नाही. गिटार कशी, लांबून ओळखू येते! तेव्हा जिल्हाच गिटारीच्या आकाराचा करावा, असा प्रस्ताव आहे. नकाशा कागदाचा आहे, खोडता येतो. गिटार लाकडाची, ती कुठं खोडत बसता? कोणती गिटार, तेवढंच आज ठरवायचंय."

आता मात्र ग्यानोबा ताडकन ताठ बसले. साहेबांनी सुरई बाजूला केली, गिटारी आळीपाळीने नकाशावर आडव्या ठेवल्या, आणि लेखापरीक्षक पेन्सिल घेऊन कडेने फिरले. प्रत्येक गिटारीची मान थेट कर्नाटकात जात होती. ती बाब आंतरराज्यीय असल्याने दिल्लीला कळवण्याचे ठरले आणि तूर्तास पोटापुरती चर्चा सुरू झाली.

धाकटीत बोरतळी नव्हतेच. पण ती साहेबांनीच नाकारली. इतका बारीक जिल्हा पाहून वर्तमानपत्रवाले उपासमार-उपासमार करून ओरडले असते. मधली सर्वांना पसंत पडली. ग्यानोबांनी मंचापाशी जाऊन टाचा उंचावून पाहिले. नेमके कंबर आत वळते तिथे बोरतळी बाहेर पडत होते.

"गुरुबसप्पा, ही कंबर थोडी खाली घ्या की!" ते कळवळले.

"खाली? अवो, मांडी कुटं ठेवावी मग माणसानं?"

"त्या मांडीखाली आमचं गाव येतंय!"

"थोरली घ्या, थोरली," विठाबाईने मागून ढोसले. "तिला कंबरच न्हाई. आपल्यावानी हाय ती."

झाले! जन्मात टाळ-मृदंगाखेरीज काही न ऐकलेले ग्यानोबा त्या क्षणी गिटारीचे जाणकार झाले. खर्ज पाहिजे साहेब, खर्ज! मधलीचा आवाज किनरा हाय, थोरलीचा कसा घागरीत बोलल्यावानी येतो! अशी त्यांची रसवंती सुरू झाली. साहेबांना ते पटलेही. पण ड्रेडनॉट हे मूळ एका लढाऊ जहाजाचे नाव, अशी माहिती लेखापरीक्षकांनी पुरवली.

"जहाज?" साहेब दचकले. "टंचाईग्रस्त जिल्ह्यात जहाज? लोक म्हणतील, यांच्याकडं बुडण्याइतकं पाणी आहे!"

"मग नाव बदला की, साहेब," ग्यानोबा काकुळतीला येऊन म्हणाले. "नाव बदलायला काय लागतंय?"

साहेबांचा चेहरा उजळला. नाव बदलणे हे त्यांच्या अधिकारातले एकमेव काम होते आणि ते त्यांना मनापासून आवडे. थोरल्या गिटारीला जागच्या जागी 'विकास' असे नाव देण्यात आले, आणि ती नकाशावर विराजमान झाली. पेन्सिल फिरली. बोरतळी आत! ग्यानोबांच्या डोळ्यांना खरेच पाणी आले, विठाबाईने कडाकडा बोटे मोडून गिटारीची दृष्ट काढली. बाई गं, सुनेला आता विहिरीत उतरायला नको!

"आत आहे, पण अगदी कडेला," लेखापरीक्षक चष्म्यातून म्हणाले. "रेघेला जाडी असते. उद्या कुणी म्हणालं, गाव रेघेखाली येतं, तर टँकर रेघेवर उभा राहील."

"मग जरा आमच्याकडं सरकवा की," ग्यानोबा म्हणाले. साहेबांनी उदार मनाने गिटार पूर्वेला सरकवली. पश्चिमेची काही गावे बाहेर गेली; त्यांच्याकडून कुणी आलेच नव्हते, तेव्हा त्यांची हरकत नाही, असे गृहीत धरले. "आनखी थोडी," विठाबाई म्हणाली. साहेबांनी आणखी सरकवली. "लई न्हाई, बोटभर," ग्यानोबांनी हात जोडले. गाव एकदा बरोबर मधोमध आले की पुढच्या सात पिढ्यांना काळजी नको, असे त्यांना वाटले. कुणालाही वाटले असते.

गाव बरोबर मधोमध आले. गिटारीच्या मधोमध काय असते, हे मात्र गुरुबसप्पांनाच आधी दिसले, आणि ते हळूच म्हणाले, "अगगगं, भोकात गेलं की ओ गाव."

लेखापरीक्षकांनी पट्टी लावून पाहिली. नकाशावरचे बोरतळी बरोबर त्या गोल भोकाच्या आणि तारांच्या खाली झाकले गेले होते.

"बुजवा ते!" ग्यानोबा ओरडले.

"बुजवलं तर आवाज मरतो," गुरुबसप्पा म्हणाले. त्यांनाही वाईट वाटले होते, पण गिटार त्यांची होती.

"मग सरकवा माघारी! मीच सरकवा म्हनलो, माझंच चुकलं!"

"नवी रेघ ओढून शाईही फिरवली," लेखापरीक्षक म्हणाले. "आणि भोक म्हणजे रिकामी जागा. रिकाम्या जागेत लोकसंख्या दाखवता येत नाही. लोकसंख्या नाही तिथं टँकर पाठवला, तर तो गैरव्यवहार."

"मग आम्ही नांदेडात जातो!"

"कसे जाल? चारी बाजूंनी आमचा जिल्हा आहे."

साहेबांना राहवले नाही. ते मंचावरून उतरले आणि त्यांनी ग्यानोबांना मिठी मारली. "सरपंच, तुम्ही रडता कशाला? सगळा आवाज तिथूनच निघतो! तुमचं गाव म्हणजे जिल्ह्याचा आवाज!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

विठाबाई टाळ्या संपेपर्यंत थांबली नाही. ती तरातरा मंचावर गेली, तिने सुरई उचलली आणि गिटारीच्या भोकावर धरली.

"आमचं गाव ह्यात हाय ना? मग हे घ्या पानी!" आणि तिने सुरई उपडी केली. "पी बाई, पी! पाय मोडून पडलीस नव्हं? पी!"

पाणी लाकडाच्या पोटात डबडब वाजले. गुरुबसप्पांनी किंकाळी फोडून गिटार उराशी धरली. ग्यानोबांनी दाराकडे पाहिले. आता पोलीस येणार, असे त्यांना वाटले. पण लेखापरीक्षक शांतपणे कागद ओढून लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवले, "मौजे बोरतळी येथे आज रोजी विशेष अधिकाऱ्यांसमक्ष पाणीपुरवठा करण्यात आला. सबब, टँकरची मागणी निकाली."

कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करायला रेडिओची माणसे आली होती. त्यांनी गाव, टँकर वगैरे कंटाळवाणा भाग कापला आणि गुरुबसप्पांच्या खर्जावर विठाबाईचा तो आवाज जोडून रविवारी सकाळी 'मातीचे सूर' म्हणून लावला. तुम्हीही ऐकला असेल. एक बाई 'पी बाई, पी' म्हणते आणि मागे पाणी पडते. तुम्हाला तो फार आवडला होता. तेव्हा स्वयंपाकघरात नळ सोडलेला होता, त्याच्या धारेत बाईचा आवाज नीट लागेना, म्हणून तुम्ही मुद्दाम उठून दार ओढून घेतलेत. नळ चालूच होता.