दुसरं कडवं

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी उठसूट काळजी करणाऱ्या आयांपैकी नाही! लेक दीड वर्षाची झाली तरी मी तिला डोळ्यांआड होऊ देत नाही, पण ती काळजी नव्हे. त्याला लक्ष असणं म्हणतात. तिच्या कापडी बदकाचा डावा डोळा सैल झालाय, हे घरात कुणाला माहीत असतं? फक्त मला! म्हणूनच हॉस्टेलच्या मैत्रिणीच्या लग्नाला दोन दिवस एकटीने जायचं ठरलं, तेव्हा मी नवऱ्याला छाती ठोकून सांगितलं, "बघच तू! मी एकदाही फोन करणार नाही."

आणि एकदाही केला नाही. अनेकदा केला.

परतीच्या बसमध्ये सोबत तोफ होती. तोफ म्हणजे माझी हॉस्टेलची रूम पार्टनर. सध्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आणि मैदानावर तिला शिट्टी लागत नाही. तिला कुजबुजता म्हणून येत नाही. कॉलेजात एका परीक्षेत तिने मला हळूच एक उत्तर सांगितलं, तर ते शेजारच्या वर्गानेही लिहून घेतलं! ती मला अजगर म्हणते. कारण त्या काळी मी कुठेही, कशीही झोपायचे. लेक्चरला, मेसच्या रांगेत, एकदा तर स्वतःच्याच वाढदिवसाला. आता दीड वर्षात सलग झोप म्हणून मिळालेली नाही, पण नाव काही बदललं नाही.

बस डोंगरावरच्या एका छोट्या गावाच्या स्टँडवर थांबली आणि कंडक्टर ओरडला, "उतरा सगळे! खाली घाटात दरड आलीये. रस्ता मोकळा झाला की हॉर्न देतो, तोवर फिरून या!"

"वा!" तोफ ओरडली. पलीकडच्या बसमधलेही चार जण उतरले. "अजगरे, चल, गाव बघू!"

"गाव कसलं बघतेस? भिंगरीची झोपायची वेळ झाली!"

भिंगरी म्हणजे माझी लेक. दुपारी ती माझं गाणं ऐकल्याशिवाय झोपत नाही, आणि दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी घर डोक्यावर घेते. काल मी फोनवरून गायले होते. आज? मोबाइलमध्ये रेंजची एक काडी नाही!

"मग बाबा गाईल की," तोफ म्हणाली.

"तो गायला लागला की तिला वाटतं, बाबाला लागलंय. ती फुंकर घालत बसते."

आम्ही निघालो. म्हणजे तोफ गाव बघायला निघाली आणि मी रेंज बघायला. गाव कसलं, मोठा थोरला जिनाच तो! एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. चढावर लोकरी टोप्यांची दुकानं, खिडक्यांत कुंड्या, वळणावर एक बाक, आणि त्या बाकावर ढग येऊन बसल्यासारखा. तोफ दर वळणावर थांबून म्हणायची, "आठवतं? सहलीला अशाच एका चढावर तू उभ्या उभ्या झोपली होतीस!" आणि मी मोबाइल डोक्यावर धरून चालत होते, देवीच्या मिरवणुकीत मशाल धरावी तसा.

एका शिवणकामाच्या दुकानातल्या मावशींनी मशीन थांबवलं. "काय हो, पाऊस बघताय का?"

"रेंज शोधतेय, मावशी! फोनवर बोलायचंय."

"मग वर पॉइंटवर जा ना! तिथून आवाज कसा खणखणीत जातो!"

"मध्येच कट नाही ना होत?"

"कट?" मावशी हसल्या. "उलट वाढतो! आपण एकदा बोलावं, सगळीकडे चारदा ऐकू येतं."

याला म्हणतात नेटवर्क! मी धावतच सुटले. मागून तोफ काहीतरी ओरडत होती, "अगं, पॉइंट म्हणजे कसला ते तरी विचार!" पण विचारायला वेळ कुणाला होता?

पॉइंटवर एक कठडा, एक लांबलचक बाक आणि समोर ही एवढी खोल दरी. आणि मोबाइलवर चक्क दोन काड्या! मी घाईघाईने फोन लावला. पलीकडे भिंगरीचं रडणं आणि नवऱ्याचा गाण्याचा आवाज, दोन्ही एकाच पट्टीत.

"अरे, थांब! गाऊ नकोस!" मी ओरडले. वाऱ्यात ऐकू जायला नको का? "आधी सांग, तिला शी झाली का?"

दरीतून आवाज आला, "झाली का... झाली का... ली का..."

"अरे, तू बाथरूममधून बोलतोयस का? आवाज घुमतोय! मी विचारतेय, झाली का?"

"झाली का... झाली का..."

"झाली गं," नवरा म्हणाला, "पण तू इतकी—"

"पातळ झाली का?"

"पातळ झाली का... तळ झाली का..." समोरच्या डोंगराने आस्थेने विचारलं. मग डावीकडच्या डोंगराने. खालच्या पायवाटेवर फिरायला आलेले एक आजोबा-आजी थबकले. आजोबांनी तोंडाभोवती हात धरून वर हाक दिली, "काय म्हणतायत? झाली का हो?"

मी अर्धी मेले! आणि तेवढ्यात धापा टाकत तोफ पोचली. तिने काही विचार केला नाही. छातीत हवा भरली आणि कठड्यावरून जाहीर करून टाकलं, "झाली! घट्ट झाली!"

"घट्ट झाली... घट्ट झाली... झाली..."

खालून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"तो पॉइंट प्रतिध्वनीचा आहे, अजगरे," तोफ म्हणाली. "हेच विचारून घे म्हणत होते."

मला त्या दरीत उडी मारावीशी वाटली. पण फोनमध्ये भिंगरी हुंदके देत "आई, आई" करत होती. आई झाल्यावर माणसाला लाज वाटायला सवड मिळत नाही. मी डोळे मिटले, फोन तोंडाशी धरला आणि गायला लागले:

"गादी झोपली, उशी झोपली,
ढेकणांची आई झोपली,
बाईंच्या हातची किल्ली झोपली,
आता तू गं झोप!"

"झोप... झोप... झोप..." डोंगर म्हणाले.

तोफ माझ्याकडे बघतच राहिली. "अगं... हे तर आपलं!"

आपलंच होतं. हॉस्टेलमध्ये दिवे जायच्या आधीच मी घोरायला लागायचे, म्हणून तोफेने माझ्यावर रचलेलं. ढेकूण खरे, किल्ली रेक्टरबाईंची. शेवटची ओळ मूळची 'आता अजगर झोप' अशी होती. भिंगरी झाली त्या पहिल्या आठवड्यात, तिला मांडीवर घेऊन बसले, तेव्हा मला एकही अंगाई आठवेना. आठवलं ते हे.

"हे गातेस तू तिला?" तोफेचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला.

"रोज."

"आणि दुसरं कडवं?"

"दुसरं कडवं होतं?"

"होतं म्हणजे! रोज म्हणायचे मी. तू ऐकायला जागी कुठे असायचीस?"

फोनमध्ये रडणं थांबलं होतं. भिंगरी कान देऊन ऐकत असावी. तोफ माझ्या शेजारी बाकावर बसली आणि तिने सुरुवात केली, "जिना झोपला, नळ झोपला..." जिना झोपला, नळ झोपला, समोरचा डोंगर म्हणाला. खालच्या वाटेवर आजोबा-आजी हलले नव्हते. खालच्या गल्लीतलं शिवणाचं मशीन बंद झालं. "उद्याचा तो पेपर झोपला..." फोनमधून नवरा पुटपुटला, "झोपली. थँक यू. ठेवतो." मी तोफेच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या शालीला अजून तोच हॉस्टेलच्या ट्रंकेतला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. म्हटलं, एक क्षणभर टेकावं आणि—

डोळे उघडले तेव्हा ऊन पार समोरच्या डोंगरावर गेलं होतं. माझ्या अंगावर शाल, पायाशी आमच्या दोन्ही बॅगा.

"बस?" मी ताडकन उठले.

"गेली."

"गेली? आणि तू उठवलं नाहीस? हॉर्न नाही दिला?"

"दिला ना. कितीतरी वेळा. प्रत्येक हॉर्न चारदा ऐकू आला. शेवटी कंडक्टर स्वतः आला वर, बॅगा घेऊन."

"अगं, तिकडे माझी लेक वाट बघतेय!"

"लेक झोपली होती. मग म्हटलं, आईलाही झोपू दे." तोफ दरीकडे बघत म्हणाली. "पुढची बस तासाभरात आहे. चहा घ्यायचा?"

खाली उतरताना शिवणाच्या मावशींनी अडवलं. "झाली का हो झोप?"

"हो, झोपली ती."

"तिची नाही, मी तुमची विचारतेय!" मावशी हसल्या. "तुमच्या मैत्रिणीने त्या कंडक्टरला काय दटावलं! पण इतक्या हळू, की गाणं ऐकायला वर येऊन शेजारीच उभी होते तरी मला एक शब्द कळला नाही."

तोफ आणि हळू! मी वळून बघितलं, तर ती लोकरी टोप्या बघण्यात एकदम गढून गेली होती.

चहाच्या टपरीवर, टोप्यांच्या दुकानात, स्टँडवर, जो तो मला विचारत होता, "झोपली का?" आणि पायवाटेवरच्या त्या आजोबांनी जाता जाता काळजीने, "आता पोट बरंय ना?"

असो. त्या दिवसापासून आमच्या घरी एक अडचण होऊन बसली आहे. भिंगरीला आता नुसतं गाणं चालत नाही. डोंगर लागतात! मी "झोप" म्हटलं की नवरा बाथरूममधून "झोप" म्हणतो, सासूबाई स्वयंपाकघरातून "झोप" म्हणतात, आणि मग स्पीकरवर तोफ दुसरं कडवं घेते. ते कडवं फारच सुरेख आहे, म्हणे. शेवटची ओळ ऐकून भिंगरी खुदकन हसते आणि मगच झोपते, म्हणे.

म्हणे, कारण मी तोवर जागी असते कुठे!